कुलपती, कुलपति आणि कुलगुरू

(भोपाळच्या तात्या टोपे नगरातील जवाहर चौकात मराठी वाचकांसमोर झालेले व्याख्यान)



१ जुलै २०२४ रोजी मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने एक लहानसा पण लक्षणीय निर्णय घेतला. राज्यातील विद्यापीठांच्या ‘कुलपति’ या पदाचे नाव यापुढे ‘कुलगुरु’ असावे, असे ठरले. अधिकार तेच, वेतन तेच, खुर्चीही तीच. बदलली ती दारावरची पाटी. निर्णयाचे समर्थन गुरुपरंपरेच्या नावाने झाले. पुढे मार्च २०२५ मध्ये राजस्थानच्या विधानसभेने याच आशयाचे विधेयक संमत केले आणि जूनमध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठानेही हाच शब्द उचलला. भोपाळच्या मराठी घरांत या बातमीचे नावीन्य वाटण्याचे कारण नव्हते. मराठीत हे पद कित्येक दशके कुलगुरू याच नावाने ओळखले जाते. मराठी माणसाच्या तोंडी त्याला दुसरे नावच नाही. हा शब्द हिंदीने मराठीकडून घेतला, असा दावा मात्र कोणी करू नये. तो संस्कृतात सर्वांसाठीच पडून होता. मराठीने तो आधी उचलला, इतकेच.

प्रश्न आहे तो दुसऱ्या शब्दाचा. विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा जो विद्वान अधिकारी, त्याला २०२४ पर्यंत मध्य प्रदेशाची हिंदी कुलपति म्हणत होती, आणि राज्यपालांकडे पदसिद्ध असलेल्या सर्वोच्च पदाला कुलाधिपति. महाराष्ट्रात राज्यपाल हेच कुलपती. म्हणजे एकच शब्द दोन भाषांत दोन निराळ्या व्यक्तींना लागतो. ‘कुलपतींनी परीक्षा पुढे ढकलल्या’ हे वाक्य पुण्याच्या वाचकाला राजभवनातून निघालेला आदेश वाटेल. भोपाळच्या हिंदी वाचकाने तेच वाक्य दहा वर्षांपूर्वी अगदी निराळ्या कचेरीशी जोडले असते. ज्या घरात सकाळी हिंदी दैनिक येते आणि संध्याकाळी ग्रंथालयातून मराठी मासिक येते, त्या घराने या शब्दाचे दोन्ही अर्थ निमूटपणे सांभाळले आहेत.

त्यात एक गमतीची खूण आहे. मराठीत अंत्य इकार दीर्घ लिहिण्याची रीत, हिंदीत तो संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व. म्हणून ‘कुलपती’ असे दीर्घ वेलांटीने छापलेले दिसले की राज्यपाल समजावेत आणि ‘कुलपति’ असे ऱ्हस्व दिसले की विद्यापीठाचा कारभारी. एका वेलांटीवर एवढा अधिकारभेद टांगलेला असल्याचे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. परंतु जुन्या ग्रंथालयाच्या वाचकाने या खुणेवर फार विसंबू नये. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले. त्यापूर्वीच्या मराठी पुस्तकांतही तत्सम शब्द ऱ्हस्वान्तच छापले जात. तेव्हा चाळीस-पन्नासच्या दशकातील मराठी ग्रंथात ‘कुलपति’ दिसले, तर तो हिंदी अर्थाचा नव्हे.

हा गोंधळ भोपाळलाच अधिक जाणवावा, याला इतिहास कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि तेथे १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी अशा दोन्ही राजभाषा होत्या. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, उरलेला भाग भोपाळला जोडला गेला, आणि त्याबरोबर नागपूरच्या सचिवालयातील फायली व त्या लिहिणारी माणसेही इकडे आली. मध्य भारताच्या कचेऱ्यांतून ग्वाल्हेर-इंदूरचीही आली. त्यांच्यासाठी जी शासकीय निवासस्थाने उभी राहिली, तीच तात्या टोपे नगर. येवल्यात जन्मलेल्या एका मराठी सेनानीचे नाव या वस्तीला आहे आणि जवाहर चौक तिच्यातच मोडतो. त्या घरांपैकी बरीचशी अलीकडे स्मार्ट सिटीच्या योजनेत पाडली गेली.

नागपूर सोडून आलेल्या या मंडळींनी एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे मराठीतला शासकीय कागद. नागपुरात मराठी शब्द आदेशात, अर्जात, शिक्क्यावर होता. भोपाळात तो घरात आणि वाचनालयात उरला. पदांची नावे माणूस सहसा कचेरीत शिकतो; येथे मराठी मुलगा ती पुस्तकांतूनच शिकणार. ‘विद्याशाखा’, ‘अधिसभा’ हे शब्द त्याच्या कानावर कधी पडत नाहीत. तो महाविद्यालयात ‘संकाय’ ऐकतो, ‘कार्य परिषद्’ ऐकतो, ‘दीक्षान्त समारोह’ ऐकतो. मराठीतील व्यवस्थापन परिषद आणि पदवीदान समारंभ त्याला परके वाटतात. सर्वांत फसवे शब्द दोन्हीकडे सारखे दिसणारे आहेत. हिंदीत ‘उपाधि’ म्हणजे विद्यापीठाची पदवी. मराठीत उपाधी म्हणजे मागे लागलेले झेंगट, नाही तर नावाला जोडलेला किताब. एखाद्या मराठी आजोबांना नातवाने ‘मला उपाधी मिळाली’ असे सांगितले, तर त्यांनी आधी काळजी करावी आणि मग पेढे वाटावेत!

नागपूरचा आणखी एक ठेवा येथे सांगितला पाहिजे. त्या दोन राजभाषांच्या काळात डॉ. रघुवीर यांनी तेथे परिभाषेचे प्रचंड काम केले. शासन आणि शिक्षण या क्षेत्रांतील शब्दांचा त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली नागपुरातून प्रसिद्ध झाला. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांची सांगड घालून हवा तो शब्द घडविता येतो, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या शब्दांची थट्टाही पुष्कळ झाली. पण हिंदी आणि मराठी यांची पारिभाषिक नावे एकाच खाणीतून निघावीत, हा विचार तेथे प्रत्यक्ष कामाला लागला होता. खाण एक राहिली, दागिने मात्र दोन घरांत निराळे घडले.

आता मूळ शब्दांकडे वळावे. संस्कृतात कुलपती कोणाला म्हणत? परंपरेची व्याख्या अशी की, जो ऋषी दहा हजार मुनींना अन्नवस्त्र देऊन त्यांचे पोषण करतो आणि त्यांना शिकवितो, तो कुलपती. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्याच अंकात कण्वांचा उल्लेख कुलपती असा येतो; रघुवंशात वसिष्ठांनाही हा शब्द लाविला आहे. या व्याख्येत दोन अटी आहेत, पोसणे आणि शिकविणे. राज्यपाल यांपैकी काही करीत नाहीत. तेव्हा मराठीने हा शब्द राजभवनाला वाहिला, यात मूळ अर्थाशी फारकत झाली हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठात बसून कारभार पाहणाऱ्याला कुलपति म्हणणारी हिंदी येथे कण्वाश्रमाच्या अधिक जवळ होती. दुसरीकडे, कुलगुरू म्हणजे एखाद्या वंशाचा परंपरागत गुरू. वसिष्ठ हे रघुकुलाचे कुलगुरू. राजा बदलतो, कुलगुरू राहतो. पाच वर्षांच्या मुदतीने नेमल्या जाणाऱ्या पदाला हे नाव देणे तितकेच धाडसाचे होते.

मग मराठीचे चुकले काय? तसे म्हणवत नाही. मराठीने शब्दांचे मूळ पाहिले नाही, शब्दांची जोडी पाहिली. पती आणि गुरू. सत्ता आणि विद्या. इंग्रजीत हे अंतर दिसत नाही. तेथे एक चॅन्सेलर आणि दुसरा त्याचा ‘व्हाइस’, म्हणजे बदली माणूस. चॅन्सेलर शब्दाचे मूळ तर लॅटिनमधील जाळीच्या कठड्याच्या नावात आहे. न्यायसभेच्या त्या जाळीपाशी उभा राहणारा सेवक हा मूळचा चॅन्सेलर. मराठीने दुसऱ्या पदाला ‘उपकुलपती’ म्हणून सोडून दिले नाही, त्याला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. विद्यापीठात खरा मान कोणाचा, हे त्या शब्दात सांगितलेले आहे. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शिक्षणमंत्र्यांना ‘प्र-कुलपती’ करणारे विधेयक संमत केले तेव्हा गदारोळ झाला आणि सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले. वाद कायद्याचा होता हे खरे. पण पती आणि गुरू यांतले अंतर लोकांच्या मनात किती पक्के आहे, तेही त्यात दिसले.

याच जोडीचे दुसरे रूप भोपाळच्या शेजारधर्मात सापडते. उर्दूत, विशेषतः १९२० साली अलीगढमध्ये स्थापन झालेल्या जामिआ मिल्लिया इस्लामियात, चॅन्सेलरला ‘अमीर-ए-जामिआ’ आणि व्हाइस चॅन्सेलरला ‘शैख-उल-जामिआ’ म्हणतात. अमीर म्हणजे अधिपती. शैख म्हणजे वडीलधारा विद्वान. पती आणि गुरू हीच ती जोडी, निराळ्या लिपीत. डॉ. झाकिर हुसेन १९२६ पासून बावीस वर्षे तेथे शैख-उल-जामिआ होते. मराठीने आणि उर्दूने एकमेकींना न विचारता एकच भेद ओळखला, ही गोष्ट भोपाळसारख्या शहरात सांगितली नाही तर कोठे सांगावी?

भोपाळचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठ कायद्याने स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या चॅन्सेलर झाल्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. १९३० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. एक स्त्री त्या काळी या पदावर बसली, ही घटना तर मोठी आहेच. पण तिला मराठीत काय म्हणावे? कुलपतीच म्हणावे लागते. ‘पती’ म्हणजे येथे स्वामी, नवरा नव्हे, हे व्याकरण सांगते. परंतु कानाला ते खटकते, आणि राष्ट्रपती या शब्दाबाबतही हीच चर्चा वारंवार झाली आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने कुलगुरू हा शब्द घेतला तेव्हा तो स्त्रीपुरुष दोघांनाही सारखाच चालतो, हे कारण पुढे आले होते. त्या वेळी त्या पदावर असलेल्या विदुषी पुण्याच्या विद्यापीठात अध्यापन करून तेथे गेल्या होत्या, हाही एक योगायोग. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसाबेन मेहता १९४९ साली सहशिक्षणाच्या विद्यापीठाच्या देशातील पहिल्या स्त्री कुलगुरू झाल्या. कुलगुरू म्हटल्याने त्या वाक्यात कोठेही अडखळावे लागत नाही.

स्त्रीलिंगी पदनामांबाबत संस्कृत व्याकरणकार फार काटेकोर होते. आचार्याची पत्नी ती आचार्यानी. स्वतः शिकविते ती आचार्या. उपाध्यायाची पत्नी उपाध्यायानी, स्वतः अध्यापन करणारी उपाध्याया. म्हणजे स्वतः शिकविणारी स्त्री त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि तिला नवऱ्याच्या पदावरून ओळखू नये, हेही त्यांना समजत होते. बोलीतल्या मराठीने हा विवेक ठेवला नाही. मास्तरीण म्हणजे मास्तरची बायकोही आणि शाळेत शिकविणारी बाईही! ग्रांथिक मराठीने प्राध्यापिका, मुख्याध्यापिका, प्राचार्या ही रूपे घडविली, ती योग्यच. अलीकडे पुष्कळ विदुषी ‘प्राध्यापक’ हेच रूप पसंत करतात. पदाला लिंग नसावे, हा त्यांचा विचारही समजण्यासारखा आहे.

प्राचार्य या शब्दापाशी थोडे थांबावे. सावरकरांच्या भाषाशुद्धीने रूढ केलेल्या शब्दांच्या ज्या याद्या दिल्या जातात, त्यांत महापौर, दिनांक, क्रमांक यांच्याबरोबर प्राचार्य, प्राध्यापक, मुख्याध्यापक हेही असतात. प्रचाराचे श्रेय निःसंशय मोठे आहे. ‘प्रिन्सिपॉल’ आणि ‘प्रोफेसर’ यांखेरीज ज्या पिढीचे चालत नव्हते, त्या पिढीला हे शब्द देणे सोपे नव्हते. पण प्राचार्य हा शब्द नवा नव्हे. प्रादि समासाचे उदाहरण म्हणून तो व्याकरणग्रंथांत शतकानुशतके बसलेला आहे. तेथे त्याचा अर्थ ‘पुढे गेलेला आचार्य’, म्हणजे गुरूचा गुरू. प्रपितामहातला ‘प्र’ हाच. मराठीने त्याला उठवून महाविद्यालयाच्या खोलीत बसविले. मध्य प्रदेशात तो उच्चतर माध्यमिक शाळेच्या खोलीतही बसतो. महाराष्ट्रात शाळेचा प्रमुख मुख्याध्यापक; येथे तोच प्राचार्य. त्यामुळे भोपाळहून नागपूरला सोयरिकीची बोलणी करायला गेलेल्यांनी ‘मुलाचे वडील प्राचार्य आहेत’ असे सांगितले, तर दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढे दोन इमारती उभ्या राहतात.

या ‘प्र’ने मराठीला एके ठिकाणी मात्र चकविले आहे. प्रो-व्हाइस-चॅन्सेलरला मराठीत ‘प्र-कुलगुरू’ म्हणतात. येथला ‘प्र’ संस्कृताचा नव्हे; तो लॅटिनचा ‘प्रो’ आहे, ‘-च्या ऐवजी’ या अर्थाचा, सोवळे नेसून आलेला. संस्कृताच्या हिशेबाने प्रकुलगुरू हा कुलगुरूचाही कुलगुरू ठरेल! हिंदीने याच पदाला ‘प्रति-कुलपति’ म्हटले. प्रति म्हणजे प्रतिनिधी. येथे हिंदी निर्विवाद सरस आहे आणि मराठीने ते मोकळेपणाने घ्यावे.

अधिव्याख्याता आणि प्रपाठक हे शब्द मराठीने लेक्चरर आणि रीडर यांच्यासाठी केले, नीट रूढ होण्याआधीच ती पदे गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनंतर सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक असे तीन टप्पे राहिले. समाजाला याने काही फरक पडला नाही. महाविद्यालयात शिकविणारा प्रत्येक जण मराठीत पूर्वीपासूनच ‘प्रा.’ होता. कायद्याने न दिलेली ही पदोन्नती समाजाने स्वखुशीने दिली आणि ती घेणाऱ्यांनीही फारशी नाकारली नाही.

पदव्यांच्या नावांची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. शिक्षण मातृभाषेतून, तर पदवीचे नाव तरी परके का असावे? त्यांनी बी. ए. च्या जागी ‘गृहीतागमा’ आणि एम. ए. च्या जागी ‘प्रदेयागमा’ ही नावे दिली. आगम म्हणजे शास्त्र. जिने शास्त्र ग्रहण केले ती पहिली. जिच्यापाशी ते इतरांस देण्याची योग्यता आली ती दुसरी. शिकण्याचा शेवट शिकविण्यात व्हावा, हे सगळे तत्त्व त्या दोन स्त्रीलिंगी शब्दांत आहे. ‘बॅचलर’ या शब्दात यांतले काय आहे? संक्षेपाने त्या पदव्यांना जी. ए. आणि पी. ए. म्हणत. (पुढच्या पिढीच्या वाचकाला जी. ए. म्हटले की कथाकार कुलकर्णी आठवतात, तो भाग वेगळा.) विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळाली आणि पदव्यांची नावे इतरांसारखी झाली. सुंदर शब्द गेले. पण मान्यतेसाठी ज्या स्त्रिया तीन दशकांहून अधिक काळ थांबल्या, त्यांना त्या शब्दांची किंमत नोकरीच्या अर्जावर मोजावी लागत होती, हे शब्दप्रेमींनी विसरू नये. पदवीचे नाव तिच्या धारकापेक्षा नियोक्त्याला अधिक समजावे लागते. १९२१ च्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची ‘वाङ्मयविशारद’ ही पदवीही याच अडचणीतून गेली. संगीताच्या क्षेत्रात मात्र विशारद आणि अलंकार हे शब्द टिकले, कारण तेथे मान देणारे आणि परीक्षा घेणारे एकच होते.

शासनाने शब्द केले म्हणजे ते चालतातच असेही नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याचा ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला, तेव्हा टीकाकारांनी त्याचे ‘बदनाम कोश’ असे बारसे केले. आज त्यातले कितीतरी शब्द लोक सहज वापरतात, आणि हसू कशाचे आले होते ते आठवत नाही.

काही पदव्या मात्र नावातच मुरल्या. कलकत्त्याची संस्कृत परीक्षा १९२३ मध्ये उत्तीर्ण झाल्यावर लक्ष्मणशास्त्री जोशी ‘तर्कतीर्थ’ झाले आणि ‘तर्कतीर्थ’ म्हटले की दुसरे कोणी डोळ्यांपुढे येत नाही. काशी विद्यापीठाची ‘शास्त्री’ ही पदवी लालबहादूर यांचे आडनाव झाली. उपाध्यायाचे मराठीत उपाध्ये आणि पाध्ये झाले, मैथिलीत झा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे उपाध्याय म्हणजे चरितार्थासाठी वेदाचा एखादा भाग शिकविणारा, म्हणजेच पगारी शिक्षक. आचार्य त्याच्या दसपट थोर. तरीही १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी इंग्रज सरकारने संस्कृत पंडितांसाठी जो किताब काढला, तो ‘महामहोपाध्याय’! दोनदा ‘महा’ लावून का होईना, मान शेवटी पगारी शिक्षकाच्या पदरात पडला. पां. वा. काणे, दत्तो वामन पोतदार, नागपूरचे वा. वि. मिराशी यांच्या नावामागे तो शोभला. काणे १९५९ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक झाले आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पोतदार १९६१ ते १९६४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते.

स्वतंत्र भारताने रावबहादूर, रावसाहेब, सर हे सगळे किताब एका फटक्यात बंद केले. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्याला किताब देण्यास मनाई आहे. अपवाद फक्त दोन, सैनिकी मान आणि विद्याविषयक मान. प्रजासत्ताकाने नावापुढे लावण्याजोगे जे थोडे ठेवले, त्यात विद्येचे ठेवले. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत का, असा प्रश्न बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. डिसेंबर १९९५ च्या निर्णयात न्यायालयाने पुरस्कार वैध ठरविले, पण ते नावाच्या मागे-पुढे लावू नयेत असे बजावले. तरीही निमंत्रणपत्रिकांवर ‘पद्मश्री अमुक’ छापणे थांबलेले नाही, आणि त्यात संस्थांचा हात पाहुण्यांपेक्षा मोठा आहे.

सन्मानार्थ दिलेल्या डॉक्टरेटचेही तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची लंडनची डी. एस्सी. १९२३ ची आणि कोलंबियाची पीएच. डी. १९२७ ची, दोन्ही प्रबंध लिहून मिळविलेल्या. कोलंबियाची एल्एल. डी. १९५२ मध्ये आणि उस्मानियाची डी. लिट. १९५३ मध्ये, या सन्मानार्थ दिलेल्या. त्यांच्या नावापुढचे ‘डॉ.’ पहिल्या दोहोंचे आहे. हा भेद जेथे धूसर होतो तेथे रात्रंदिवस खपून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो. गुणश्री प्राध्यापक या शब्दाने मात्र मराठीने इंग्रजीवर कडी केली आहे. ‘एमेरिटस’ हा मूळचा रोमन सैन्यातला शब्द, मुदत भरून सुटलेल्या शिपायाचा. मराठीने मुदत विसरून गुण लक्षात ठेवला.

राहिला ‘मानद’. मानद सचिव, मानद प्राध्यापक, मानद पदवी. ऑनररीसाठी हा शब्द आज सर्रास चालतो. संस्कृतात मानद म्हणजे मान देणारा. विष्णुसहस्रनामात अमानी, मानद आणि मान्य ही तीन नावे लागोपाठ येतात: ज्याला स्वतःचा अभिमान नाही, जो इतरांना मान देतो, आणि म्हणून जो मानास पात्र आहे. मराठीत मान घेणाराच मानद झाला. शब्द उलटा फिरला खरा, तरी ज्या ग्रंथालयात संध्याकाळी कचेरी सुटल्यावर कोणी येऊन बिनपगारी पावत्या फाडतो, वर्गणी थकलेल्या सभासदाला न दुखावता आठवण देतो, जीर्ण पुस्तकांची यादी करतो, तेथे त्याचा मूळ अर्थही चालतो.

ग्रंथालयाच्या पदांचीही भोपाळात दुहेरी नोंद ठेवावी लागते. मराठी कार्यवाह हा हिंदीत सचिव, काही जुन्या संस्थांत तर मंत्री. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींनी फारसी पदनामे संस्कृतात आणली, त्यात सुरनिसाचा सचिव आणि वाकनिसाचा मंत्री झाला. कागदपत्रे तपासणारा तो सचिव, रोजची टिपणे ठेवणारा तो मंत्री. त्या हिशेबाने ग्रंथालयाचा कार्यवाह दोन्ही नावांना पात्र आहे. आश्रयदाता हिंदीत संरक्षक होतो, खजिनदार कोषाध्यक्ष, आजीव सभासद आजीवन सदस्य. यात अर्थ फारसा हलत नाही. पण हिंदीत ‘पुस्तकालयाध्यक्ष’ म्हणजे ग्रंथपाल, पगारी सेवक. मराठीत ‘ग्रंथालयाचे अध्यक्ष’ म्हणजे संस्थेचे सर्वोच्च पदाधिकारी. तेव्हा शासनाच्या एखाद्या खात्याकडून पुस्तकालयाध्यक्षांच्या नावे पत्र आले, तर ते अध्यक्षांच्या घरी न धाडता देवघेवीच्या टेबलावर फोडावे. अनुदानाच्या अर्जाची मुदत बहुधा त्यातच लिहिलेली असते.